घोड्याभोवतीची रोजगार हमी

घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रं येतात. चौकातला अश्वारूढ पुतळा, वरातीतली सजवलेली घोडी, माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मागे लागणारे घोडेवाले आणि महालक्ष्मीचं रेसकोर्स. एखाद्या मुलाने घरी सांगितलं की मला घोड्यांच्या क्षेत्रात काम करायचंय, तर घरच्यांना एकच काम सुचतं: जॉकी. मग वजन, पडझड आणि सट्टा यांचा पाढा वाचला जातो आणि विषय तिथेच मिटतो.

जॉकीच्या बाबतीत घरचे फारसे चुकत नाहीत. पोरवयात सुरुवात करायची, पन्नास किलोच्या आसपासचं वजन वर्षानुवर्षं राखायचं, आणि एवढं करून नाव होणार मोजक्या चार-पाच जणांचं. पण जॉकी शर्यतीत घोड्याच्या पाठीवर असतो किती वेळ? एक ते अडीच मिनिटं. बाकी दिवसभर आणि बाकी जन्मभर त्या घोड्याला इतरांचेच हात लागतात. कोणी खरारा करतो, कोणी चंदी म्हणजे दाणा घालतो, कोणी नाल ठोकतो, कोणी दात घासतो. पोट भरायचं असेल तर पाठीवरच्या माणसापेक्षा या बाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे बघावं, असं माझं मत आहे.

जनावर घटलं, मग धंदा कसला?

शंका रास्त आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ मध्ये हाच आकडा सव्वासहा लाख होता. सात वर्षांत जवळजवळ निम्मं जनावर गेलं.

पण गेले ते कोणते घोडे? टांग्याचे आणि माल ओढणारे. त्यांच्या जागी रिक्षा आली, छोटा टेम्पो आला. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. हे सगळे राबणारे घोडे. रोजची कमाईच तुटपुंजी, त्यामुळे मालक त्यांच्यावर खर्च तरी किती करणार? जे उरले त्यांत शर्यतीचे आणि पैदाशीच्या स्टड फार्मवरचे आहेत, राइडिंग क्लबातले आहेत, हौसेने पाळलेले मारवाडी-काठियावाडी आहेत, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारे आहेत, लष्कराचे आहेत, आणि औषधांसाठी पाळलेलेही आहेत. यांतल्या बऱ्याच मालकांची खर्चाला ना नसते. घोडा लंगडला तर बोलवायला जाणकार माणूस मिळत नाही, ही त्यांची अडचण असते. टांग्यांबरोबर टांग्यांवर जगणारे कारागीरही पांगले, आणि त्यांच्या पोरांनी दुसरी कामं धरली.

नालबंद: दर पाच आठवड्यांनी येणारं काम

घोड्याचं खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. माळावर मोकळ्या फिरणाऱ्या घोड्याचं ते आपोआप झिजतं. पागेत बांधलेल्या आणि डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याचं मात्र एक तर वाढतच जातं, नाही तर नको तिथे झिजतं. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी खूर कापून नाल पुन्हा ठोकावी लागते. डर्बीचा घोडा असो की वरातीचा, यातून कोणाचीच सुटका नाही.

हे काम एकदा जवळून पाहावं. नालबंद घोड्याच्या खांद्याला खांदा लावून पुढचा पाय उचलतो आणि स्वतःच्या दोन गुडघ्यांत धरतो. जुन्या खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ करून तो नाल उपसतो. मग वाकड्या सुरीने तळव्याचा मेलेला थर सोलायचा, मोठ्या पकडीने वाढलेली कड छाटायची आणि कानस फिरवायची. घोडा उभा राहिल्यावर खुराची आणि खालच्या हाडांची रेघ बाजूने एक आली पाहिजे. ती आली नाही तर पुढे सगळा भार स्नायूंच्या दोऱ्यांवर येतो. भट्टीत तापवलेली नाल ऐरणीवर ठोकून आकारात आणायची आणि क्षणभर खुरावर टेकवायची. केस जळल्यासारखा वास येतो, धुराचा लोट उठतो, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास कळवळतो. घोडा मात्र निवांत असतो, कारण त्या भागाला संवेदनाच नसते.

कसोटी लागते ती खिळ्याला. खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर असते. खिळा तेवढ्यातूनच वर चढून बाहेर निघाला पाहिजे. त्याचं टोक एका अंगाने तासलेलं असतं, त्यामुळे तो ठोकताना आपसूक बाहेर वळतो. तोच खिळा उलटा धरला की आत शिरतो, जिवंत भागाला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी घोडा पाय टेकवत नाही. मुरलेला नालबंद खिळ्याकडे बघतच नाही, हातोडीचा आवाज ऐकतो. खिळा बरोबर चालला असेल तर आवाज टणक येतो, भरकटला तर बोदा. एका पायाला सहा ते आठ खिळे आणि असे चार पाय.

आता हिशेब. पाच आठवड्यांचं चक्र धरलं तर साठ घोडे बांधून घेतलेल्या नालबंदाला आठवड्याला बारा घोडे येतात, म्हणजे रोजचे दोन. एका माणसाला पुरेल एवढं हे काम आहे, आणि ते बारमाही आहे. लग्नसराई संपली म्हणून खूर वाढायचं थांबत नाही. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्याला नाल ठोकायला बंदी आहे, आणि नोंदणीसाठी आधी काही वर्षं उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे हातोडी घेऊन कोणीही उभा राहू शकतो. यात तोटा घोड्याचा होतो, आणि नीट शिकून आलेल्या माणसाला तीच संधी ठरते. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंदीचं पद्धतशीर शिक्षण आहे. तिचं केंद्र मेरठला आहे. वीटभट्ट्यांवरच्या जनावरांसाठी काम करणारी ब्रुक इंडिया ही संस्थाही नालबंदांना प्रशिक्षण देते. बाकी सगळं उस्तादाच्या हाताखाली. दोन वर्षं पाय धरायचे, तिसऱ्या वर्षी सुरी हातात मिळायची.

रेसचे घोडे हा यातला वेगळा वर्ग. त्यांना शर्यतीसाठी हलकी ॲल्युमिनियमची नाल लागते. लोखंडी नालेच्या कामात हात बसलेल्या माणसालाही ती बसवणं नव्याने शिकावं लागतं.

चंदी, चारा आणि लीद

घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वरून बाहेर येत नाही. म्हणजे बुरशी लागलेला चारा पोटात गेला की पोटशूळ, आणि पोटशूळ हे घोडा दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक. गाय-म्हैस चार पोटांच्या जोरावर बरंच काही पचवते, तेवढी सोय घोड्याला नाही. म्हणून चांगला घोडेवाला चाऱ्याचा भाव विचारण्याआधी तो नाकाला लावून बघतो.

शेतकऱ्याला इथे जागा आहे. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला रोज कोरड्या वजनात नऊ-दहा किलो अन्न लागतं. त्यात लसूणघास आली, ओट आलं, वाळलेलं गवत आलं. दुधाच्या जनावरांसाठी आपण चारा पिकवतोच. घोड्यासाठी तोच चारा जास्त स्वच्छ, धूळविरहित आणि वेळेवर कापलेला हवा. गवत अर्धवट ओलं असताना गठ्ठे बांधले की आतून गरम होऊन बुरशी धरते, आणि असा गठ्ठा पागेच्या दारातूनच परत येतो. वाळवणं, बांधणं आणि छपराखाली रचणं या तीन गोष्टी सांभाळणाऱ्याला पुणे परिसरातल्या पागा आणि स्टड फार्म वर्षभराचं गिऱ्हाईक होऊ शकतात. खाली अंथरायला भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुस्सा लागतो, तो पुरवठा वेगळाच. भुस्सा सुतारकामातला असेल तर त्यात खिळा सापडता कामा नये.

दुसऱ्या टोकाला लीद. एक मोठा घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो. शंभर घोड्यांच्या पागेतून रोज दोन टन. पागेला ती डोकेदुखी वाटते, पण बटण मशरूमवाल्याला तोच कच्चा माल. बटण मशरूमचं कंपोस्ट जुन्या पद्धतीत घोड्याची लीद आणि गव्हाचा पेंढा यांवरच करत आलेत. त्यात कोंबडीखत आणि जिप्सम मिसळतात, ढीग पुन्हा पुन्हा उलटतात आणि मग वाफेवर निर्जंतुक करतात. पागेशी उचलीचा करार आणि एक ट्रॅक्टर एवढ्यावर हा धंदा सुरू होतो. मालक उचलून नेण्याचे पैसे देतो की आपणच लिदेचे पैसे मोजायचे, हे पागेच्या जागेवर ठरतं. शहरातली पागा सहसा कटकट गेली म्हणून खूश असते.

औषधाच्या कुपीतला घोडा

आता मला या विषयातली सगळ्यात थक्क करणारी वाटणारी गोष्ट. साप चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जे औषध शिरेतून देतात, ते घोड्याच्या रक्तापासून तयार होतं.

पद्धत अशी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांचं विष गोळा केलं जातं. देशातलं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं. हे विष अगदी सूक्ष्म मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवू लागतं. काही आठवडे मात्रा वाढवत नेली की रक्तात प्रतिपिंडांची भरपूर बेगमी होते. मग रक्त काढतात. साडेचारशे किलोच्या घोड्याच्या अंगात पस्तीस लिटरच्या आसपास रक्त असतं, त्यातलं एका वेळी पाच-सहा लिटर. ते स्थिर ठेवून किंवा यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करतात. तांबड्या पेशी पुन्हा घोड्याच्या शिरेत सोडता येतात, म्हणजे तो अशक्त होत नाही.

पिवळसर द्रवात पेप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) घालून प्रतिपिंडाचा नको असलेला शेपटाचा भाग तोडतात. माणसाच्या शरीराला घोड्याच्या प्रथिनाची ॲलर्जी येऊ शकते. हा भाग काढला की तो धोका कमी होतो. उरलेलं शुद्ध करून, गोठवून वाळवून कुपीत भरतात. भारतात या औषधाच्या एका मिलिलिटरने नाग आणि घोणस यांचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसं यांचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असं मानक आहे. दहा मिलिलिटरची एक कुपी. घोणस चावलेल्या शेतकऱ्याला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात, यावरून मागणीचा अंदाज यावा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

हे काम महाराष्ट्रात जुनं आहे. परळच्या हाफकिन संस्थेची मुळं १८९९ च्या प्लेग प्रयोगशाळेत आहेत, आणि पुढे वेगळ्या झालेल्या हाफकिन महामंडळाचे घोडे पिंपरीला असतात. नारायणगावलाही सर्पदंशावरचं औषध बनवणारी खासगी कंपनी आहे. आणि ज्या सीरम इन्स्टिट्यूटचं नाव करोनाकाळात घरोघरी पोहोचलं, तिचा उगम पागेतलाच. पूनावाला कुटुंबाचा पुण्यात रेसच्या घोड्यांचा स्टड फार्म होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे ते हाफकिनला देत. घोडे आपले आणि औषध मात्र दुसऱ्यांचं, हे ध्यानात आल्यावर सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये स्वतःची संस्था काढली. तिची सुरुवात धनुर्वातावरच्या, घोड्याच्या रक्तापासून केलेल्या औषधाने झाली. घोड्याच्या धंद्यातून निघालेली याहून मोठी शाखा मला तरी ठाऊक नाही.

इथे कामं कोणाला? पशुवैद्यकाला अर्थातच. पण सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना, बी.फार्म. झालेल्यांनाही. मात्रा ठरवणं, प्रतिपिंडांची पातळी मोजणं, गोठवून वाळवण्याचं यंत्र चालवणं, प्रत्येक घाण्याची तपासणी आणि तिची कागदपत्रं. शिवाय घोडे सांभाळणारे मोतद्दार, ज्यांच्यावाचून यातलं काहीच हलत नाही. सापांशिवाय विंचूदंश, घटसर्प आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा यांवरची औषधंही याच मार्गाने होतात. शिवाय बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं असतं, त्यामुळे दक्षिणेतल्या विषावर केलेलं औषध सगळीकडे सारखं लागू पडत नाही. प्रादेशिक औषधं करायची तर नवे घोडे, नव्या प्रयोगशाळा आणि नवी माणसं लागणार.

या कामाला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. घोडे अशक्त आणि जखमी ठेवल्याचं सरकारी तपासण्यांत काही ठिकाणी आढळलं आहे. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे नियम आहेत. ते पाळले जातात की नाही, हे पाहणं हेसुद्धा एक पूर्णवेळ काम आहे आणि त्यासाठी चांगला पशुवैद्यक लागतो.

रात्रपाळी आणि दात

स्टड फार्मवरची कामं बाहेरच्यांना दिसत नाहीत. रेसच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन मान्यच नाही. नर-मादीचा संयोग प्रत्यक्षच व्हावा लागतो, तरच शिंगराची नोंद होते. ही नोंदवही सांभाळणारी संस्था पुण्यातच आहे. शिवाय प्रत्येक शिंगराचं वय १ जानेवारीपासून धरतात. डिसेंबरअखेर जन्मलेलं शिंगरू दुसऱ्याच दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं आणि शर्यतीत कायमचं मागे पडतं. गाभण काळ अकरा महिन्यांचा. म्हणून घोडी वेळेवर माजावर यावी यासाठी थंडीत तिच्या खोलीत दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात. हे सगळं गणित सांभाळणारा प्रजनन व्यवस्थापक हा पगारी माणूस असतो.

घोडी बहुधा रात्रीच विते. कळा पक्क्या सुरू झाल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर आलं पाहिजे, एक-दोन तासांत उभं राहिलं पाहिजे, आणि पहिल्या काही तासांत चीक प्यायलं पाहिजे. यात उशीर झाला तर लाखोंचं नुकसान. विण्याच्या हंगामात म्हणूनच रात्रभर जागणारी माणसं ठेवतात. शेतकऱ्याच्या घरात गाई-म्हशी वितांना पाहत वाढलेल्या मुला-मुलींना यातलं अर्धं आधीच येत असतं.

दातांचं काम तर जवळपास कोणीच करत नाही. घोड्याचे दात झिजत जातात आणि तेवढेच वर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे दाढांना धारदार कडा येतात. त्या गालाला आणि जिभेला टोचतात, घोडा चंदी सांडतो, लगाम झिडकारतो, आणि मालकाला वाटतं जनावर द्वाड आहे. वर्षातून एकदा लांब कानशीने दाढा घासल्या की बिघाड संपतो. हे काम पशुवैद्यकाने करायचं, कारण गुंगीचं औषध द्यावं लागतं. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, इंटर्नशिप धरून. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर या ठिकाणी महाविद्यालयं आहेत. बहुतेक मुलं पुढे कुत्र्या-मांजरांकडे किंवा दुधाच्या जनावरांकडे वळतात. घोड्याकडे वळणारा विरळा, आणि विरळ्याला फी जास्त.

बाजार, वरात, शूटिंग

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अकलूजला दिवाळीच्या सुमारास भरतो, नांदेडकडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत. इथे दलाल आजही अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का पाहतो, जबडा उघडून दातांवरून वय सांगतो. पाचव्या वर्षापर्यंत समोरचे पक्के दात आलेले असतात, त्यामुळे तिथवरचं वय बिनचूक कळतं, पुढचं अंदाजाने. भोवऱ्यांच्या शुभाशुभावर माझा विश्वास नाही, पण बाजारात किंमत त्यावर हलते हेही खरं. विकत घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहून चाल, खूर, दात आणि श्वास तपासणारा त्रयस्थ जाणकार मात्र क्वचितच दिसतो. लाखांचा सौदा करताना त्याची फी द्यायला लोक तयार होतील, असं मला वाटतं. याच राज्यातल्या भीमथडी तट्टाला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. धनगरांच्या वाड्याबरोबर ओझं वाहणारं, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर जगणारं हे जनावर. शुद्ध पैदास आणि नोंदी ठेवणाऱ्याला इथे पुढची वीस वर्षं काम आहे.

वरातीच्या घोडीचा धंदा तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पावसाबरोबर बसतो. त्यात खरं कसब आवाजाला सरावण्याचं. डीजे, फटाके आणि अंगावर येणारी गर्दी यांची सवय घोडीला महिनोन् महिने हळूहळू लावावी लागते. ती नीट लावता येते याचा पुरावा आषाढी वारीत दिसतो: अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे माउलींचे अश्व टाळ-मृदंगाच्या गजरात, लाखोंच्या डोळ्यांदेखत रिंगण धावतात.

ऐतिहासिक मालिका आणि चित्रपट वाढले तसे घोडे पुरवणारे, त्यांना शूटिंगसाठी शिकवणारे आणि कलाकारांना चार दिवसांत निदान नीट बसायला शिकवणारे यांची मागणी वाढली. चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. ही कागदपत्रं, पशुवैद्यकाचा दाखला आणि सेटवरची देखरेख एकहाती सांभाळणारा समन्वयक निर्मात्याला फार हवा असतो.

मेरठमधली एक बातमी

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाज या, स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याने आखीव हालचाली करण्याच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं हे सुवर्ण ४१ वर्षांनी आलं, आणि चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. पण त्यांचा सराव आणि घोडे युरोपातले होते. कारण साधं: भारतात घोड्यांचे काही संसर्गजन्य रोग असल्यामुळे इथला घोडा थेट परदेशी स्पर्धेला नेता येत नव्हता. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. या विभागात ठेवलेले, तपासलेले घोडे परदेशी जाऊ शकण्याची वाट त्यामुळे उघडली. ती रुंदावली तर विमानात घोड्यासोबत प्रवास करणारा सेवक, विलगीकरणाचं व्यवस्थापन, रक्ततपासणी, वाहतुकीचे दस्तऐवज ही सगळी नवी कामं इथेच उभी राहतील. परदेशात ही माणसं आधीच आहेत. भारतातल्या तबेल्यांत शिकलेले ट्रॅक रायडर आज इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पागांत पहाटे घोडे पळवतात.

घोडं पेंड कुठे खातं?

पैशापाशी. रेसिंगची आर्थिक नाडी पैजेत आहे; पैजेतून क्लबला उत्पन्न, त्यातून बक्षीस, बक्षिसातून मालकाची हौस आणि मोतद्दाराचा पगार. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. करात मात्र ती जुगाराच्या पंगतीतच बसते: आधी २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सची जागा सरकारने २०२४ मध्ये ताब्यात घेतली; महालक्ष्मीची १२० एकर जागा उद्यानासाठी सोडायचं ठरलं. म्हणून फक्त रेसवर अवलंबून राहणारं कौशल्य घेऊ नये. रेस, राइडिंग क्लब, वरात आणि औषधनिर्मिती या चारही ठिकाणी चालेल असं काहीतरी हातात असावं. नालबंदी चालते, दात चालतात, चारा चालतो.

दुसरी अडचण रोगाची. ग्लँडर्स हा घोड्याकडून माणसालाही होऊ शकणारा आजार आहे. त्याची लागण सापडली तर त्या घोड्याला मारावं लागतं आणि आसपासच्या घोड्यांची हालचाल थांबते. ऐन लग्नसराईत असं झालं तर वरातीवाल्याचा अख्खा हंगाम बुडतो. तपासणीचा अलीकडचा दाखला जवळ न ठेवता घोडा खरेदी करणं किंवा भाड्याने देणं म्हणजे उगाच जोखीम.

या क्षेत्रात पाऊल टाकायचं असेल तर घोडा विकत घेऊन सुरुवात करू नका. जवळच्या राइडिंग स्कूलमध्ये किंवा पागेत सहा महिने पहाटेची पाळी धरा: शेण-लीद उचलणं, खरारा, पाणी, चंदी. पगार थोडा असतो. त्या काळात एक वही ठेवा आणि पागेला बाहेरून कोण कोण येतं, कशासाठी येतं, किती दिवसांनी येतं आणि कोणाची वाट बघत मालक ताटकळतो, ते लिहीत जा. ज्याची सगळ्यात जास्त वाट बघितली जाते, त्याच्याकडे जाऊन उमेदवारी मागा. पुण्याच्या आसपास असाल तर बहुधा तो नालबंद निघेल.